स्वस्त बेस गिटारला नवे पार्ट घेण्याआधी

बेस सुरात राहत नाही म्हणून लगेच नवा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) आणि खुंट्या मागवू नका. आधी नव्या तारा चढवा, खुंटीवर दोन-तीन वेढे वरून खाली. ट्यून करताना टिक् होऊन सूर उडी मारतो? नटच्या (खुंट्यांजवळ तारा ज्यावरून जातात ती पट्टी) खाचेत शिसपेन्सिलीचं टोक फिरवा. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकणारा तुकडा) नेकपासून मागे घ्या.

एवढं करूनही खुंटी सैल फिरत असेल तरच बदला, भोकाचा व्यास मोजून. जड ब्रिजने आवाजात पैशाइतका फरक मला तरी जाणवत नाही. नेकचा बाक ठीक करायला आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवलात तर मात्र एका वेळी पाव फेराच. अडला तर जोर लावू नका.