अंगणात-पोर्चमध्ये दगडाची फरशी घालताय? या चुका टाळा

बाहेरच्या फरशीचा दगड बहुतेक जण कोरडा बघून घेतात. दुकानात छपराखाली पॉलिशचा चकचकीत तुकडा समोर येतो, रंग आवडतो, भाव पटतो आणि ऑर्डर जाते. पण हाच दगड पुढे जून ते सप्टेंबर सतत ओला राहणार आहे, म्हणून आधी पाण्याचा विचार करा. ओल्यावर पाय घसरेल का, पाणी वाहून कुठे जाईल आणि दगड पाणी किती पितो, हे तीन प्रश्न सुटले की मग रंग काय तो निवडा.

पॉलिश बाहेर नकोच

घरात हॉलमध्ये छान दिसणारा पॉलिश कोटा किंवा ग्रॅनाइट पोर्चच्या पायरीवर लावला की पहिल्या पावसातच कोणीतरी पडतं, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर हा धोका पत्करूच नये. कोटा, शहाबाद, तांदूर रफ फिनिशमध्ये मिळतात, ते घ्या. ग्रॅनाइटच हवा असेल तर फ्लेम फिनिश मागा, त्यात ज्वाळेने वरचा थर तडकवतात त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पाय चांगला धरतो. दुकानात बाटलीभर पाणी मागून घ्या, तुकड्यावर ओता आणि चप्पल काढून पाय ठेवून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. ओल्या तुकड्यावर खरा रंगही कळतो. कडप्पा ओला असताना काळाभोर दिसतो आणि वाळला की राखाडी, बाहेर उन्हातान्हात तर तो काळेपणा टिकतच नाही. विदर्भात-मराठवाड्यात मुळात गडद दगड टाळा, मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही.

फार खडबडीत पण नको हं. खळग्यांत माती बसते, झाडू फिरत नाही आणि तिथेच शेवाळ धरतं.

ॲसिडने धुणं

चांगल्या फरशीची सगळ्यात जास्त वाट यानेच लागते आणि तेही काम संपायच्या दिवशी. सांधे भरताना सिमेंट दगडावर सांडलेलं असतं, ते काढायला मिस्त्री ॲसिड मागवतो, वर फेस येतो आणि सगळ्यांना वाटतं फरशी स्वच्छ होतेय. खरं तर दगड विरघळत असतो! कर्नाटकातला शहाबाद, आंध्रचा कडप्पा, तेलंगणातला तांदूर, राजस्थानचा कोटा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत, चुन्याला ॲसिड लागलं की तो फसफसतो आणि वरचा थर जातो. मागे राहतात ते पांढरट, निस्तेज पट्टे धुऊन निघत नाहीत, मशीनने परत घासावं लागतं. टॉयलेट क्लीनर, लिंबू, चिंच यांचंही तेच, बाहेरच्या ओट्यावर चिंच-मीठ लावून पितळेची भांडी घासली तरी डाग पडतो.

म्हणून मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, सिमेंटचा माल सांडला की ओला असतानाच स्पंजने पुसायचा, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. नंतर रोजच्यासाठी साधं साबणाचं पाणी आणि खराटा पुरतो. विकणारा कुठलंही नाव सांगत असेल आणि खात्री करायची असेल तर तुकड्याच्या मागच्या बाजूला ॲसिडचा एक थेंब टाका, बुडबुडे आले तर दगड चुन्याचा.

ढाळ आणि उंची

ढाळ नसला तर कितीही महागाचा दगड घ्या, डबकं साचणारच. रफ दगडाला दर १० फुटांमागे साधारण दीड इंच ढाळ धरा आणि तो घरापासून बाहेर, जाळीकडे जाऊ द्या. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवायची घाई. त्याने अंगणाची पातळी वर येते आणि पावसाचं पाणी उंबऱ्याला लागतं, मग आतल्या भिंतींना ओल, पोपडे, सगळं सुरू. अंगण घराच्या जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली राहिलं पाहिजे, जागा नसेल तर जुनी फरशी उखडा.

फरशी पोकळ वाजते, गाडी आली की तडकते

बहुतेकदा कारण एकच, माल चारी कोपऱ्यांत गोळे ठेवून लावलेला असतो आणि मध्ये पोकळी राहते. फरशीखाली माल पूर्ण पसरलेला हवा. गाडी उभी राहणार असेल तर खाली मुरूम धुमसून नीट दाबलेला आणि त्यावर पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) हवं, आणि दगडही जाड घ्या, निदान ४० मिमी, पाऊण इंची फरशी तिथे टिकत नाही. दगड उतरवून घेताना प्रत्येकावर नाणं वाजवा. टण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत चीर किंवा सुटा थर असतो, शहाबादचे पुढे पापुद्रे निघतात ते असेच.

सांधा दिसायलाच नको असा हट्ट धरू नका. उन्हाने दगड फुगतो, ५-६ मिमीची दरज सोडून ती भरून घ्या.

पांढरा खार आणि शेवाळ

नव्या फरशीवर पांढरी भुकटी आली की लोक घाबरतात. खालच्या सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, कोरड्या ब्रशने झाडा, काही महिन्यांत कमी होतं. कमी झालं नाही तर खालून पाणी येतंय, ते शोधा. खार फुटत असताना सीलर (दगडात पाणी शिरू नये म्हणून लावतात ते द्रावण) मारू नका, ओल आत अडकते. पूर्ण वाळल्यावर मारायचा तर आत मुरणारा घ्या, वर थर धरणारा नको, तो सोलपटतो आणि घसरडाही होतो.

शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून थोड्या वेळाने घासा, झाडांच्या मुळांपासून लांब ठेवा. आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो. कोकणात जांभा लावलात तर शेवाळ जास्तच, तो सच्छिद्र दगड आहे आणि पाणी पितो, त्यामुळे सावलीत झाडाखाली तो नको, ऊन येतं तिथे मस्त दिसतो.

दगड घेताना मापापेक्षा १० टक्के जास्त, एकाच लॉटचा घ्या. दोन वर्षांनी एक फरशी बदलायची वेळ आली की त्याच खाणीचा दगडही रंगाला जुळत नाही, म्हणून उरलेले चार तुकडे मागच्या बाजूला उभे करून ठेवा.