कच्छच्या ज्युरासिकमध्ये पहिलं फिल्डवर्क: सुटा अमोनाइट उचलण्याआधी

पच्छम, चारी, कात्रोल, भुज हा कच्छच्या खडकथरांचा जुन्याकडून नव्याकडे जाणारा क्रम तुम्हाला पाठ असणार. डोममध्ये (घुमटासारख्या उचललेल्या थरांत) जुने खडक मधोमध आणि नवे कडेला, हेही. त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो: उतारावर सुटा पडलेला जीवाश्म, समजा अमोनाइट (वेटोळ्या कवचाचा नामशेष सागरी प्राणी).

चारी फॉर्मेशनच्या (थरसमूहाच्या) माथ्यावर ढोसा ऊलाइट हा बारीक गोल कणांचा खडक आहे. लोहामुळे लालसर-तपकिरी आणि खालच्या शेलपेक्षा (चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकापेक्षा) बराच कठीण. शेल झिजला की त्याचा आधार जातो, तुकडे घरंगळत खाली येतात. तुम्ही उभे असता जुन्या, कॅलोव्हियन काळातल्या शेलवर आणि हाती लागतो वरून आलेला, त्यानंतरच्या ऑक्सफर्डियन काळातला मायाइटिस हा अमोनाइट. पिशवीवर खालच्या बेडचा (थराचा) नंबर पडला की पुढचं सगळं वय चुकतं. माझा थरनिहाय जीवाश्मांचा चार्ट यापायीच नव्याने काढावा लागला. म्हणून सुट्या नमुन्याच्या पिशवीवर ठळक ‘फ्लोट’ (म्हणजे मूळ थरातून निसटलेला) लिहा, तिथल्या तिथे. संध्याकाळी आठवून लिहू म्हणाल तर लिहूच नका.

बेडमधून छिन्नीने काढलेला नमुनाही लगेच ग्राह्य धरू नका. ढोसा ऊलाइट अतिशय सावकाश साचला; आधी गाडले गेलेले जीवाश्म लाटांनी उकरून पुन्हा त्यात मिसळले आहेत. भिंगातून बघा: आतला भराव आणि बाहेरचा खडक वेगळा दिसतो का? कवच गेलेल्या आतल्या साच्यावरच सर्प्युलिड किड्यांच्या नळ्या चिकटल्यात का? तसं असेल तर तो साचा आधी घट्ट झाला, मग समुद्रतळावर उघडा पडला, आणि नंतर पुन्हा गाडला गेला. त्याचं वय ते बेडचं वय नव्हे.

सीनियरचा लॉग (थरांची क्रमवार नोंद) उतरवून घेणं हा सर्वांत घातक शॉर्टकट. आणि जो रिसर्च गाइड नमुना बघायच्या आधी ‘कुठल्या बेडमधून?’ विचारतो, त्याला सोडू नका. खडूस वाटला तरी.

नमुन्यांची नावं जुन्या ग्रंथांशी जुळत नाहीत म्हणून खचू नका. जीवाश्मतज्ज्ञ वागेनने १८७३ ते १८७५ मध्ये आणि स्पाथने १९२७ ते १९३३ मध्ये इथले अमोनाइट मांडले, तेव्हा एकाच जातीच्या मोठ्या माद्या आणि छोटे नर यांना वेगळी नावं देण्याची पद्धत होती. गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. शिवाय इथलं काम संपलेलंही नाही: भूवैज्ञानिक स्टोलिच्काने १८७१-७२ मध्ये हा भाग पालथा घातला, तरी लोडाईजवळच्या कात्रोल थरांतला साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर (नामशेष सागरी सरीसृप) प्रसिद्ध झाला २०१७ मध्ये.

सुरुवातीला हातोडा बॅगेतच ठेवा. आधी लॉग काढा, एकेक बेड मोजून. नमुने त्यानंतर.