फिरत्या दवाखान्याचं कंत्राट काढताय? या चुका टाळा

निविदेच्या पहिल्या पानावर ‘सर्वांना समान सेवा दिली जाईल’ असं वाक्य हमखास असतं. पुढे दर, फेऱ्या, देयक, दंड अशी पानंच्या पानं येतात, त्यांत ते वाक्य कुठेच उतरत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवर गाडी का जात नाही, याचं उत्तर रस्त्याइतकंच देयकाच्या कलमात शोधावं लागतं.

रुग्णामागे पैसे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, दर रुग्णामागे 60 रुपये ठरले. सडकेवरच्या गावात दिवसाला 80 रुग्ण येतात, 4,800 रुपये होतात. डोंगरातल्या पाड्यावर 15 येतात, 900 होतात. शिवाय डिझेल जास्त, टायर जास्त, डॉक्टरची कुरकुर जास्त. ठेकेदार वाईट माणूस नसला तरी गाडी सडकेवरच फिरणार. महिन्याचा अहवाल मात्र झकास दिसतो, कारण रुग्णसंख्या भरपूर असते.

मोठा हिस्सा, म्हणजे साधारण 80 टक्के रक्कम, ठरलेल्या जागी ठरलेल्या दिवशी झालेल्या फेरीवर द्या. उरलेली रक्कम पाठपुराव्यावर ठेवा: रक्तदाबाच्या रुग्णाला पुढच्या फेरीत गोळ्या मिळाल्या का, जोखमीच्या गरोदर मातेची तपासणी पुन्हा झाली का. पाडा चुकला तर दंड सडकेवरच्या गावाच्या दुप्पट. निविदा निघण्याआधी कुणीतरी ठेकेदाराच्या खुर्चीत बसून ती वाचावी. जिथे पैसा जास्त आणि त्रास कमी दिसेल, तिथेच गाडी जाईल.

सगळ्या तालुक्यांना सारख्या फेऱ्या

कागदावर हे न्याय्य वाटतं. पण उपकेंद्राचा निकषच सपाटीवर 5,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा अनुक्रमे 30,000 आणि 20,000. वस्ती विखुरलेली असली की तेवढ्याच लोकांसाठी जास्त जागी जावं लागतं, हे सरकारी निकषानेच मान्य केलंय. मग रावेरच्या केळीपट्ट्यातलं गाव आणि अक्राणीतला, म्हणजे धडगाव तालुक्यातला, पाडा एकाच मापाने का मोजायचा?

लेखापरीक्षणात ‘एका तालुक्याला जादा का?’ असा आक्षेप येतोच. उत्तर आधीच टिपणीत लिहून ठेवा: संविधानाचं समानतेचं कलम 14 वाजवी वर्गीकरणाला आड येत नाही, आणि 15(4) अनुसूचित जमातींसाठी खास तरतुदीची मुभा देतं. मोजमापही जोडा: पाड्यापासून सर्वांत जवळचं केंद्र किती किलोमीटरवर, त्यातलं पायी किती. झोळीत घालून रुग्ण आणावा लागतो अशा पाड्यांची वेगळी यादी करा. जिल्ह्याची सरासरी यात काही कामाची नाही. सपाटीवरच्या शहाद्याचे चांगले आकडे धडगावचे वाईट आकडे झाकून टाकतात.

‘ठेकेदार खासगी आहे, त्याला हे लागू नाही’

समान सेवेचं बंधन त्यालाही लागू आहे. ब्रिटनमध्ये 2010 चा समानता कायदा आहे. त्याच्या कलम 149 नुसार सार्वजनिक संस्थांना निर्णय घेतानाच समानतेचा विचार करावा लागतो. आपल्याकडे असा एकच कायदा नाही, तुकडे गोळा करावे लागतात: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, एचआयव्ही-एड्स कायदा 2017, तृतीयपंथी व्यक्ती कायदा 2019. यांतल्या भेदभावबंदीतून खासगी संस्था सुटत नाहीत. म्हणून ‘प्रचलित कायदे पाळावेत’ असं मोघम न लिहिता कायद्याचं नाव आणि त्याखालचं प्रत्यक्ष काम करारात लिहा. एचआयव्ही आहे म्हणून रुग्ण परत पाठवला, तर तो करारभंग धरला जाईल, असं स्पष्ट कलम हवं.

रॅम्पचं उदाहरण घ्या. ‘गाडीला रॅम्प असावा’ एवढं लिहून मोकळं होतात. उतार 1:12 धरला आणि गाडीची फरशी जमिनीपासून 60 सेंटिमीटर असली, तर रॅम्प 7.2 मीटर लांब लागेल. तो गाडीत मावणार कसा? मग फळी उभीच्या उभी लावली जाते आणि व्हीलचेअर चढत नाही. त्यापेक्षा यांत्रिक लिफ्ट मागा, किंवा खाली ताडपत्रीच्या आडोशात तपासणीचं टेबल मागा. दुसरा पर्याय स्वस्त आहे आणि बिघडत नाही.

सिकलसेलची नुसती ‘तपासणी’

नंदुरबारात हा मुद्दा टाळता येत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांपैकी एक आहे. वाहक असणं, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष पुढच्या पिढीत जाऊ शकणं, मात्र दिव्यांगत्व नाही. दोघांची एकच यादी केली की प्रमाणपत्राच्या वेळी गोंधळ उडतो. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीत दोष दिसला, तरी आजार की वाहक हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी लागते. करारात फक्त पहिल्या चाचणीचा दर असेल, तर काम तिथेच थांबतं. पक्की चाचणी, औषध आणि समुपदेशन एकाच दरात बांधा. निकाल शिबिरात मोठ्याने वाचून दाखवू नका, पुढे सोयरिकी मोडतात. बंद पाकीट द्या आणि समजावणारी व्यक्ती पावरी, भिलोरी, मावची, जिथे जी बोली चालते ती बोलणारी असू द्या. मराठी पत्रक वाटलं म्हणजे माहिती पोचली, असं होत नाही.

वेळ आणि ऋतू

सकाळी दहा ते एक ही वेळ कर्मचाऱ्यांच्या सोयीची. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया तेव्हा शेतात असतात. संध्याकाळी पाचनंतरची वेळ किंवा आठवडे बाजाराचा दिवस ठेवा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. जानेवारीतली रुग्णसंख्या बघून पाड्याचा थांबा रद्द करणं म्हणजे घरात कुणी नसताना दार वाजवून निघून येणं. होळीच्या आठवड्यात जादा फेऱ्या लावा आणि बाहेर जाणाऱ्यांना आधीच जास्त दिवसांची औषधं द्या.

पावसाळ्यात घाट खचतो. ‘नैसर्गिक आपत्ती’चं कलम सैल लिहिलं तर ठेकेदार चार महिने सुटतो. रस्ता बंद असेल तर पायी पथक किती दिवसांत निघेल, हे आकड्यात लिहा. नर्मदाकाठच्या गावांसाठी बोटीचा खर्च वेगळा दाखवा. त्या भागात सरकारच्या नवसंजीवनी योजनेचं फिरतं वैद्यकीय भरारी पथक कोणत्या दिवशी जातं तेही बघा, नाहीतर एकाच दिवशी दोन गाड्या आणि पुढे महिनाभर एकही नाही.

तक्रार कुठे करायची?

टोल-फ्री क्रमांक आणि ॲप दिलं की काम झालं असं समजतात. रेंजच नसलेल्या पाड्यावर त्याचा उपयोग काय? पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा खास कायदा लागू आहे तिथे, सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला आहे. फेरी झाल्याच्या नोंदीवर आशाताई आणि ग्रामसभेने नेमलेली एक व्यक्ती, अशा दोघांच्या सह्या घ्या आणि त्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, असं कलम घाला. सही-अंगठ्याचं रजिस्टर पाड्यावरच राहू द्या, गाडीत नको.