मडकं भरलेलं, तरी मिरची सुकतेय? मटका सिंचनातल्या या चुका टाळा

मटका सिंचन म्हणजे रोपांशेजारी मातीचं मडकं पुरून त्यात पाणी भरायचं, ते पाझरून मुळांना मिळतं. पण कधी मडकं गळ्यापर्यंत पुरलं, काठोकाठ भरलं, तरी शेजारची मिरची माना टाकते आणि मडक्यातलं पाणी जागचं हलत नाही. अशा वेळी आधी मडकं तपासा. शोभेसाठी रंगवलेल्या मडक्याची छिद्रं बुजलेली असतात, त्यातून पाणी पाझरणार कुठून? कुंभाराकडून साधं, बिनरंगाचं घ्या. पुरण्याआधी भरून सावलीत ठेवा; काही तासांत बाहेरून दमट झालं पाहिजे. कोरडंच राहिलं तर परत करा, त्यात पिण्याचं पाणीसुद्धा गार होणार नाही.

तळाला भोक पाडून वात घालणारे आहेत. भोक जरा मोठं झालं की पाणी मुळांच्या खाली निघून जातं. पाझरणाऱ्या मडक्याला भोक हवंच कशाला?

मडकं चांगलं असेल तर माती बघा. पाणी बाहेर येतं ते कोरड्या मातीच्या ओढीने, म्हणून माती मडक्याला चिकटून हवी. मराठवाड्यातली काळी माती सुकली की भेगाळते, मडक्यापासून सुटते आणि मध्ये पोकळी राहते. पुरतानाच भोवती चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत दाबून भरा आणि पहिल्या दिवशी ही माती वरून चांगली भिजवा. ही पहिली भिजवण चुकवायची नाही. कारण रोप लहान असताना मुळं मडक्यापर्यंत पोहोचलेली नसतात. वर उसाचं पाचट किंवा पालापाचोळा जाड अंथरा, नाहीतर ओल उन्हातच उडते.

काकडी, दोडका, वांगी मडक्यापासून वीतभर अंतरावर लावा. शेवगा नको, त्याची मुळं मडकं फोडतात.

बोअरचं पाणी खारं असेल तर छिद्रांत क्षार बसून पाझर हळूहळू मंदावतो. हंगाम संपला की मडकं उकरा, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, काथ्याने घासा. भांडी घासलेलं पाणी मात्र मडक्यात ओतूच नका, तेलकटपणाने ते कायमचं बुजतं. हे पाणी गाळून केळीच्या आळ्यात सोडा. कपड्यांच्या पावडरचं पाणी तिथेही नको, त्यातल्या सोड्याने काळी माती आणखी चिकट होते.

आणि तोंडावर झाकण ठेवा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पणती बसत नसेल तर फरशीचा तुकडा चालेल, फक्त फट राहू देऊ नका.