लढाई अर्ध्या तासाची, छावणी दोन दिवसांची

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, की मैदानात जुन्या लढाया उभ्या करणारी ती मंडळी असतात, त्यांच्यात आपल्याला घेतात का? घेतात. मानधन नसतं, उलट वर्षाची वर्गणी आपणच भरायची. तुमचा जन्म कुठला, उच्चार कसे, शाळेत कोणता इतिहास शिकलात, यावर काही अडत नाही. उन्हाळ्यातले काही शनिवार-रविवार मोकळे ठेवता येतील का आणि पावसात तंबू ठोकायची तयारी आहे का, एवढं बघतात.

मी आहे ती पलटण इंग्लंडच्या यादवी युद्धाची. एका बाजूला राजा पहिला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. १६४२ साली तोंड लागलं आणि ते १६५१ पर्यंत चाललं. १६४५ च्या जूनमध्ये नेझबीला राजाचं मुख्य सैन्य मोडलं आणि ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर त्याचा शिरच्छेद झाला. मावळात स्वराज्याची जुळवाजुळव चालू होती तोच हा काळ.

इथे रोमन आहेत, व्हायकिंग आहेत, नेपोलियनच्या काळातले आहेत. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई ऑक्टोबरात बॅटल ॲबीच्या मैदानावर उभी करतात, आणि १४७१ च्या लढाईसाठी ट्यूक्सबरीला जुलैत मोठी मध्ययुगीन जत्रा भरते. तरी नवख्यानं सतराव्या शतकापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. मध्ययुगीन सरदार व्हायचं तर चिलखताचाच खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. यादवी युद्धातला पायदळाचा साधा शिपाई लोकरी कोट आणि विजार एवढ्यावर उभा राहतो. शिवाय पलटणी मोठ्या, माणसं कायम हवी असतात. लष्करी इतिहासकार ब्रिगेडियर पीटर यंग यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली ‘सील्ड नॉट’ ही संस्था सगळ्यांत जुन्यांपैकी. तिच्या पलटणी देशभर पसरलेल्या आहेत. ‘इंग्लिश सिव्हिल वॉर सोसायटी’ ही दुसरी. तुमच्या शहराजवळची पलटण शोधा आणि सरळ पत्र लिहा. राजाच्या बाजूची की पार्लमेंटच्या, याचा फार विचार करू नका. मैदानावर माणसं कमी पडली की बाजू बदलून उभं राहावंच लागतं. माणसं आवडली पाहिजेत, कारण पुढची कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर चुलीच्या धुरात बसायचं आहे.

लढाईचं आकर्षण सगळ्यांना असतं, म्हणून ते आधी सांगते. पायदळात मुख्य कामं दोन: भाला आणि बंदूक. भाला ॲश लाकडाचा, सोळा फुटी, म्हणजे जवळजवळ पाच मीटर. टोक बोथट केलेलं असतं. आधी कवायत शिकवतात. ढोलाच्या इशाऱ्यावर सगळे भाले एकाच वेळी उभे, एकाच वेळी आडवे. वाऱ्याच्या दिवशी तो उभा धरणं हाच व्यायाम. दोन फळ्या भिडतात तेव्हा भाले आकाशाकडे उभे करून, खांद्याला खांदा लावून नुसतं रेटायचं असतं. दहीहंडीच्या तळाच्या थरात जो उभा राहिला आहे, त्याला हे लगेच जमतं: पाय रुंद, मान खाली, शेजाऱ्याचा कोट घट्ट धरलेला. मुलींना घेतात का, हाही प्रश्न येतो. घेतात, पुरुषी वेशात, त्याच फळीत. खऱ्या युद्धातही काही बायका पुरुषांचे कपडे घालून सैन्याबरोबर जात असाव्यात, कारण १६४३ मध्ये राजाच्या एका जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याला मनाई घालण्याचा विचार झालेला दिसतो.

बंदूक तोड्याची. सोऱ्यात भिजवून वाळवलेला दोर जळत ठेवायचा, चाप ओढला की त्याचं पेटतं टोक बारुदीवर टेकतं. गोळी अर्थातच नसते, पण बारूद खरी असते. म्हणून ब्रिटिश कायद्यानं बंदुकीला पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, बारूद घ्यायला आणि घरी ठेवायला वेगळं लागतं, आणि शिवाय पलटणीची स्वतःची परीक्षा असते. घरी कुलपाची पेटी कुठे आहे ते पाहायला पोलीस खात्याचा माणूस येतो. भाड्याच्या खोलीत किंवा वसतिगृहात राहणाऱ्यानं पहिल्या वर्षी या फंदात पडू नये. भाला धरा, ढोल शिका, किंवा मैदानात पाणी वाटा. पाणी वाटणं हे दुय्यम काम मुळीच नाही. ऑगस्टच्या उन्हात लोकरी कोटातला माणूस चक्कर येऊन पडतो, आणि तो खरा पडलाय की नाटकात, हे सगळ्यांत आधी पाणीवाल्याला कळतं. खरी इजा झाली तर काय ओरडायचं आणि काय खूण करायची, हे प्रत्येक गटात ठरलेलं असतं. पहिल्याच दिवशी ते विचारून पाठ करा.

कपड्यांसाठी घाईनं पैसे खर्च करू नका. बहुतेक पलटणींकडे उसने कपडे असतात. तागाचा सदरा, लोकरी कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, लोकरी मोजे, टोपी. स्वतःचं घ्यायचं तर आधी बूट घ्या. दुसऱ्याच्या पायाच्या आकाराला सरावलेल्या चामड्यात दिवसभर चालणं जिवावर येतं. पॉलिस्टर अजिबात नको. लोकर ठिणगीनं काळी पडते आणि विझते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. घड्याळ, फोन, आजच्या फ्रेमचा चष्मा हे सगळं लोक यायच्या आत तंबूत जातं. चष्मा लागणाऱ्यांनी लेन्सची सवय करून घ्यावी. मंगळसूत्र, कडं, चमकी याबद्दल पलटणीच्या प्रमुखाशी आधीच मोकळेपणानं बोलून घ्या. रेटारेटीत अडकेल असं काही अंगावर नको, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

आता छावणी. माझ्या मते या कामाचा जीव इथे आहे.

लढाई दिवसातून एकदा, अर्धापाऊण तास. छावणी मात्र सकाळी फाटक उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत लोकांसाठी उघडी. कुणी पाव भाजतंय, कुणी शिशाच्या गोळ्या ओतून दाखवतंय, कुणी जखमा बांधणाऱ्या न्हाव्याची हत्यारं मांडून बसलंय. आणि लोक येतात, थांबतात, विचारतात. ठरलेले प्रश्न असतात: ही आग खरी आहे का? रात्री तुम्ही खरंच इथे झोपता? या कपड्यांत उकडत नाही का? जुनी मंडळीसुद्धा कधी कधी या प्रश्नांना कंटाळतात. मला ते पटत नाही. आग खरी आहे का, असं विचारणाऱ्या मुलाला बोलायचं असतं, आणि सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचत नसतं. आग खरी आहे, जवळ ये, भांड्यात काय शिजतंय बघ, असं म्हटलं की गाडी सुरू होते.

भांड्यात काय आहे, यावरच तासभर बोलता येतं. सातू, वाटाणे, लीक, थोडा पाला. बटाटा नाही, कारण तेव्हाच्या साध्या इंग्रज शिपायाच्या जेवणात तो नव्हता. टोमॅटो नाही. चहासुद्धा नाही! इंग्रज माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. लंडनमध्ये चहा उघडपणे विकायला लागले ते १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. नेझबीच्या शिपायानं चहा चाखलेला असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तो पातळ बिअर प्यायचा आणि दिवसाला आठ पेन्स पगार घ्यायचा, तोही मिळाला तर. शाकाहारी मंडळींना छावणीचं जेवण चांगलं चालतं, आधी सांगून ठेवा म्हणजे हाडांचा रस्सा वेगळा करतात.

बारुदीचं सांगायचं तर सोऱ्यापासून सुरू करा. सोरा, गंधक, कोळसा. राजाची माणसं लोकांचे तबेले आणि कबुतरखाने खणून, मूत्र आणि विष्ठा मुरलेली माती काढून न्यायची आणि तिच्यातून सोरा काढायची. मालकाच्या परवानगीशिवाय खणायला पार्लमेंटनं १६५६ मध्ये बंदी घातली. दहा वर्षांची पोरं हे ऐकताना जागची हलत नाहीत. आणि मग त्यांना सांगायचं, की पुढे इंग्लंडची सोऱ्याची गरज फार मोठ्या प्रमाणावर भारतातून, बिहारकडून भागू लागली.

इथे आपला मुद्दा येतो. तुम्ही पहिल्यांदा छावणीत उभे राहाल तेव्हा कुणीतरी विचारणारच, की त्या काळात इथे भारतीय होते का? चिडू नका, उत्तर तयार ठेवा. १६१६ साली लंडनमध्ये बंगालच्या उपसागराकडून आणलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याचं पीटर हे नाव खुद्द राजा जेम्सनं सुचवलं. हा जेम्स म्हणजे चार्ल्सचा बाप. माणसं थोडी होती, पण माल भरपूर होता. १६४० मध्ये पैशांची चणचण असताना चार्ल्सनं ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामातली मिरी उधारीवर उचलली आणि कमी भावानं रोखीत विकून टाकली. कंपनीला तिचे पैसे वसूल करताना नाकी नऊ आले. मी कमरेच्या पिशवीत मिरीचे दाणे ठेवते. ते तळहातावर घेऊन ही गोष्ट सांगितली की ऐकणारा ती विसरत नाही.

एका उन्हाळ्यात लेकीकडे आलेल्या कोल्हापूरच्या आजी छावणीत आल्या. माझ्या तोंडावळ्याकडे बघून थेट मराठीतच म्हणाल्या, “बाळा, तू आपलीच ना गं? मग हे कुणाचं युद्ध लढतीस?” प्रश्नात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, आजी, बसा. ज्या राजाचं मुंडकं उडवलं, त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स पुढे गादीवर आला. पोर्तुगालच्या राजकन्येशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या तहात मुंबई आंदण मिळाली. त्यानं ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला दिली. आणि १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले होते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! आजींनी मान हलवली. “म्हणून महाराजांनी राजापूर लुटलं,” त्या म्हणाल्या, आणि मग शेजारच्या इंग्रज भालाईताला लेकीच्या तोंडून ती सगळी गोष्ट त्यांनीच ऐकवली. तो गृहस्थ कितीतरी वर्षं या युद्धाचा अभ्यास करतोय. राजापूरचं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. रात्री शेकोटीजवळ त्यानं ते मला पुन्हा नीट विचारून घेतलं.

म्हणून माझं सांगणं असं, की भाल्याआधी वाचन करा. छोटासा एक विषय धरा. लोकर, पगार, औषधोपचार, मिरी, काहीही. तो इतका नीट माहीत करून घ्या की कुणीही कुठूनही विचारलं तरी बोलता येईल. बाकी विषयाला ‘मला माहीत नाही, पण त्या तंबूतल्या बाईंना विचारा’ असं खुशाल म्हणा. लोक आपल्या कपड्यांवर विश्वास ठेवतात, सतराव्या शतकातला माणूस बोलतोय असं मुलांना खरंच वाटतं. त्या विश्वासावर ऐकीव गोष्टी खपवणं मला पाप वाटतं. काही जण ‘मी १६४५ चा शिपाई’ असं समजून बोलतात. अनुभवी नटाला ते शोभतं. नव्यानं आलेल्यानं ‘तेव्हाचे शिपाई असं करायचे’ असंच बोलावं. प्रश्नाला खरं उत्तर देणं त्यात सोपं जातं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ही जत्रा असते, आइस्क्रीमच्या गाड्या असतात, मेलेले शिपाई शेवटी उठून हात हलवतात. पण १६४५ च्या मे महिन्याअखेर राजाच्या सैन्यानं लेस्टर शहर फोडलं तेव्हा घराघरांत लूट आणि कत्तल झाली. आज त्याच लेस्टरमध्ये आपली इतकी माणसं राहतात. या युद्धात हत्यारानं मेले त्याहून रोगराईनं मेलेले जास्त असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कुणी आजोबा गंभीरपणे विचारायला आले तर हसतखेळत बोलणं थांबवा आणि तेही सांगा.

राहण्याचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी दोन छावण्या असतात. एक लोकांना दिसणारी, कापडी तंबूंची. दुसरी मागच्या शेतात, आजच्या नायलॉनच्या तंबूंची. पहिल्या वर्षी मागच्याच छावणीत राहा. तिथे कुकरही चालतो आणि खिचडीही, आणि खिचडीला गिऱ्हाईक भरपूर. झोपायची पिशवी उबदार घ्या, जूनमध्येही रात्री थंडी वाजते. संध्याकाळी बिअरचा तंबू गजबजलेला असतो. पिण्याची सक्ती कुणी करत नाही.

हंगाम साधारण ईस्टरपासून सप्टेंबरपर्यंत. मे आणि ऑगस्टच्या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांना मोठे मेळे असतात. पण बघायला जायचं तर जानेवारीत जा. चेशरमधल्या नँटविचला १६४४ च्या २५ जानेवारीला वेढा उठला, त्याची आठवण म्हणून तिथे दरवर्षी त्या सुमारास टोपीत हॉलीची डहाळी खोवून लढाई करतात. जानेवारीअखेर लंडनला राजाच्या बाजूच्या पलटणी व्हाइटहॉलकडे संचलन करत जातात. दोन्ही रस्त्यावरून फुकट बघता येतं, आणि संपल्यावर कुठल्याही शिपायाला गाठून बोलता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कवायतीचे आणि शिवणकामाचे दिवस असतात. नवीन माणसानं तेव्हाच जावं. हंगाम सुरू झाला की कुणाला शिकवायला सवड नसते, आणि उसन्या कपड्यांतले चांगले मापाचे कोट तोवर संपलेले असतात.