नवा पाणकिडा नोंदवायचाय? ओढ्यापासून छपाईपर्यंतची तयारी

पेन्सिल. साधी, टोक केलेली, आणि एक नाही, दोन. सोबत जाड कागदाच्या बोटभर चिठ्ठ्या, घरूनच कापून आणलेल्या. बाकीचं सामान एखाद वेळी उसनं मिळतं, पण या दोन वस्तू खिशात नसतील तर पाण्यात उतरूच नका. का ते पुढे येईलच.

मी लिहितोय ते मायक्रोनेक्टा या वंशातल्या (पाण्यातले बारीक ढेकूण) आणि त्यांच्यासारख्या किड्यांबद्दल. दोन-तीन मिलिमीटरचे, उथळ पाण्यात वाळूला लागून झपकन सटकणारे. पाण्यातल्या इतर बारक्या किड्यांसाठीही यातलं बरंचसं चालेल.

सगळ्यात आधी परवानगी. यावल, अनेर धरण किंवा गौताळा अभयारण्यात (पाटणादेवीचा परिसर त्यातच येतो) काही गोळा करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी. ती नागपूरहून येते, वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यातच अर्ज टाका. ओळखीच्या वनरक्षकाने तोंडी ‘हो’ म्हटलं, एवढ्यावर जाऊ नका. पुढे लेख छापणारं नियतकालिक परवानगीचा क्रमांक मागतं तेव्हा त्या ‘हो’चा काही उपयोग नसतो. अभयारण्याबाहेर जाणार असाल तरी पाड्यावर पोलीस पाटलांना आणि ज्यांच्या शेतातून जायचं त्यांना सांगून जा. किडे बोलवायला रात्री दिवा लावून पांढरा कपडा टांगणार असाल तर नक्कीच सांगा.

जायचं दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान. त्याआधी पांझरा, बोरी, गिरणा या आपल्या खानदेशातल्या नद्या गढूळ असतात आणि काठ धुऊन निघालेले असतात. उन्हाळ्यात पाणी डोहांपुरतं उरतं, किडे तिथे दाटीने सापडतात, हे खरं. पण पंचेचाळीस अंशांच्या दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेल्या नळ्यांतलं अल्कोहोल उडून जातं आणि झाकणं ढिली होतात. उन्हाळ्यात गेलातच तर थर्मासची पेटी न्या. मुख्य धारेत शोधू नका. काठाची संथ, उथळ जागा बघा. पांझरेवरच्या जुन्या फड बंधाऱ्यांच्या वरच्या अंगाला साठलेलं पाणी आणि त्यांचे पाट मुद्दाम पाहण्यासारखे आहेत.

बारीक जाळी, पांढरा ट्रे, चहाची गाळणी, ड्रॉपर, मऊ चिमटा. यात सांगण्यासारखं काही नाही. अल्कोहोलबद्दल मात्र आहे. डीएनए काढायचा असेल तर 95 टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल हवं. निळसर डिनेचर्ड स्पिरिट नको. पण तीव्र इथेनॉलमध्ये किडा कडक होतो, पाय तुटतात. म्हणून एकाच ठिकाणचे किडे दोन नळ्यांत ठेवा, एक तीव्र, एक 70 टक्के. किड्यांबरोबर ओढ्याचं पाणीही नळीत येतं, तेव्हा त्याच संध्याकाळी अल्कोहोल बदला.

आणि आता चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिलेली, नळीच्या आत टाकलेली, झाकण लावण्याआधी, काठावर बसूनच. गाडीत बसल्यावर नाही, मुक्कामी पोचल्यावर नाही. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, इंकजेट प्रिंटरचीही. नळीवर बाहेरून मार्करने लिहिलेलं ओल्या बोटाने पुसलं जातं. पेन्सिलीचं ग्रॅफाइट विरघळत नाही.

माझ्याकडे एक नर आहे. त्याचा उजवा पॅरामीअर (नराच्या जननेंद्रियाचा आकड्यासारखा भाग) मी पाहिलेल्या कुठल्याही प्रसिद्ध आकृतीशी जुळत नाही. त्या फेरीत मी नळ्यांवर बाहेरून मार्करने नुसते आकडे टाकले होते आणि तपशील वहीत ठेवला होता. एक नळी गळली आणि पिशवीतल्या सगळ्या नळ्यांवरचे आकडे गेले. पिशवीत अनेरकाठच्या नळ्या होत्या, तशाच पाटणादेवीच्याही. तो नर सातपुड्यातला की अजिंठ्याच्या डोंगररांगेतला, हे आता कुणीही सांगू शकत नाही. वही अजून आहे, पण तिचा उपयोग शून्य. तापीच्या एका अंगाला सातपुड्याचे ओढे आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्री-अजिंठ्याकडून येणारे. कोणती जात कुठल्या अंगाला राहते हाच तर आपला प्रश्न, आणि नेमकं त्याचंच उत्तर पुसलं गेलं. गाव-ठिकाण नसलेल्या किड्यावर नवी जात उभी करू नका. ती तपासायला उद्या कुणी निघाला तर त्याने जायचं कुठे?

चिठ्ठीवर हे हवंच: राज्य, जिल्हा, तालुका, जवळचं गाव, नदी किंवा ओढा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तालुका गाळू नका; पिंपरी आणि वडगाव आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. महिना रोमन आकड्यात लिहा, म्हणजे दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही. मजकूर रोमन लिपीत, कारण नळी उद्या कुठल्याही देशात जाईल. किडा दिव्यावर आला असेल तर ‘दिव्यावर’ असं लिहा. तो दुसऱ्याच पाण्यातून उडत आलेला असू शकतो. एका नळीतून दुसरीत किडा हलवला की चिठ्ठीची प्रतही हलवा. दर वेळी.

प्रयोगशाळेत आधी नर वेगळे काढा. या गटात ओळख नराच्या जननेंद्रियांवर आणि पुढच्या पायांवर ठरते; नुसती मादी किंवा पिल्लं हाती असतील तर थांबा, पुन्हा जाऊन या. एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही किडे असतात, त्यांच्या दोन जाती करू नका. पोटाचं टोक दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करून ग्लिसरीनमध्ये बघा, आकृती काढा, आणि ते तुकडे बारक्या नळीत घालून त्याच किड्याजवळ ठेवा. त्या बारक्या नळीतही चिठ्ठी. हो, तिथेही, पेन्सिलीनेच. मोजमापं एकाच किड्याची नकोत. जितके नर आणि माद्या असतील तितक्यांची घ्या, कमाल-किमान द्या. डीएनएसाठी अख्खा किडा कुटू नका, आणि होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव टिकतं तो, तर मुळीच नाही. जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा नेहमीचा 658 बेसचा तुकडा मिळाला तर उत्तम, पण तो आकृतीची जागा घेत नाही.

‘नवी’ म्हणण्याआधी जुनं वाचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. प्राणिशास्त्रज्ञ जी. एव्हलिन हचिन्सन यांनी 1940 मध्ये भारत आणि लगतच्या प्रदेशांतल्या कोरिक्सिडी कुळाचा आढावा घेतला. तेव्हा मायक्रोनेक्टा याच कुळात धरत, म्हणून सुरुवात तिथून करा. मग श्रीलंका, म्यानमार आणि पुढच्या देशांतून वर्णिलेल्या जाती बघा. किड्याला सीमा ठाऊक नसतात. जुने टाइप नमुने (ज्यांवरून त्या जाती वर्णिल्या ते) लंडन आणि कोलकात्याच्या संग्रहांत आहेत; फोटोंसाठी पत्र लिहा आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. घाईत दिलेलं नाव पुढे कुणीतरी जुन्या नावाखाली टाकतं, आणि निस्तरायचं काम दुसऱ्यावर पडतं.

नाव ठेवताना मायक्रोनेक्टा स्त्रीलिंगी आहे हे लक्षात ठेवा; विशेषण त्याप्रमाणे. स्वतःचं नाव देऊ नका.

पुढचं थोडक्यात. प्राणिनामकरणाच्या संहितेची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे नाव नवं असल्याचं स्पष्ट म्हणा, वेगळेपणाची लक्षणं द्या, होलोटाइप ठरवा आणि तो कुठल्या संग्रहात असेल ते लिहा. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर छापण्याआधी झूबँकेत (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंद हवी आणि ती नोंद लेखात दिसायला हवी; 2012 मधल्या दुरुस्तीपासून हा नियम आहे. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 प्रमाणे नवी जात नियुक्त संग्रहाला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही त्यातली एक संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. जमा केल्याचा क्रमांक लेखात घाला. पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपसोबतचे बाकीचे नमुने, दोन संस्थांत विभागा. डीएनएचा क्रम जेनबँकेत, म्हणजे अशा क्रमांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाका. प्रूफ आलं की ते होलोटाइपच्या चिठ्ठीशी ताडून बघा, वहीशी नाही. लेख निघाला की एक प्रत वन विभागाला पाठवा, म्हणजे पुढच्या अर्जाला अडचण येणार नाही.