सालीसकट खा, कॅप्सूल राहू द्या

कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून काढली की वर पिवळसर, नितळ सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दिसायला हवं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेल्या माणसाचं दुधट, गढूळ दिसतं. रिपोर्ट न्यायला आलेली मंडळी मग विचारतात, "ताई, चरबीसाठी, यकृतासाठी ते पॉलिफेनॉल म्हणतात, त्याच्या गोळ्या सुरू करू का?" मी सांगते, गोळ्या नकोत, मंडईत जा.

कोकमाचा लाल रंग, जांभळाचा जांभळा, आवळ्याचा तुरटपणा, ही सगळी पॉलिफेनॉलंच, म्हणजे झाडातली नैसर्गिक द्रव्यं. झाड ती स्वतःच्या बचावासाठी बनवतं, म्हणून ती सालीत आणि सालीलगत जास्त सापडतात. आणि आपण नेमकं तेच सोलून टाकतो! तेव्हा आधी सोलायची सवय मोडा. भाजलेले शेंगदाणे चोळून, पाखडून लाल फोलपटं उडवू नका, कूट तसंच करा. थोडं तुरट लागतं, पण रस्सा भाजीत कळतही नाही. कांद्याचं कागदासारखं टरफल तेवढं काढा. त्याखालची पहिली जाड पाकळी टाकू नका, क्वेर्सेटिन नावाचं पॉलिफेनॉल तिथे भरपूर असतं. पेरू, सफरचंद, पुरंदरची अंजिरं स्वच्छ धुऊन सालीसकट खा.

कोकम घेताना बाटलीवर नीट वाचा. सरबताच्या सिरपमध्ये निम्मी तर साखरच असते, आणि साखरेतल्या फ्रुक्टोजची यकृतात चरबी होते. फॅटी लिव्हर असलेल्याने ते पिऊन काय साधलं? त्यापेक्षा मऊ, काळसर आमसुलं आणा. चार-पाच आमसुलं पेलाभर कोमट पाण्यात तासभर भिजवा, पाणी गडद लाल झालं की कुस्करून गाळा, वर चिमूटभर जिरेपूड. आमसुलांना मीठ लावलेलं असतं, त्यामुळे वरून मीठ नको. बीपी असेल तर प्रमाणातच प्या.

माझा सगळ्यात जास्त भरवसा जवसाच्या चटणीवर. जवसातले लिग्नान (हीही पॉलिफेनॉलंच) आणि चोथा मिळून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं खाली आणतात. थोडंच, हे ध्यानात ठेवा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग लसूण, सुकी मिरची, मीठ घालून भरडसर वाटा. अख्खा दाणा न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून वाटायलाच हवं. आठवड्यापुरतीच करा आणि काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खवट होते. रोज दोन चमचे, ज्वारीच्या भाकरीबरोबर.

चहा जेवणाबरोबर घेऊ नका. त्यातली पॉलिफेनॉलं अन्नातलं लोह अडवतात. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी तर मध्ये तासभर जाऊ द्यावा.

आता कॅप्सूलबद्दल. ग्रीन टीचा कप निराळा आणि अर्काची कॅप्सूल निराळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं की अशा पूरक गोळ्यांमधून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य पॉलिफेनॉल) गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. हळदीचंही तसंच. आमटीतल्या हळदीला घाबरू नका. पण मिरीच्या अर्काबरोबर दिलेलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, शरीरात कितीतरी पटींनी शोषलं जातं, आणि अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृत बरं करायला घेतलेल्या गोळीनेच एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) चढावं, याचं मला फार वाईट वाटतं. काढा असो, चूर्ण असो, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचं औषध, चालू असेल तर कोकम, जवस सुरू केलं म्हणून ते परस्पर बंद करू नका. अॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं, त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते. पपनस त्याच्याच कुळातलं, तेव्हा तेही डॉक्टरांना विचारूनच. रिपोर्ट पुन्हा करायचा तर तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि आदल्या दिवशी जिममध्ये जोराचा व्यायाम न करता. स्नायूंवर ताण आला तरी एसजीओटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतलं दुसरं एन्झाइम, वाढलेलं दिसतं.